जिवाचं धरतो, झाडाचं सोडतो

“ओतू नका! मास्तर, पाया पडते तुमच्या, ओतू नका!”

साखर पेठेतल्या आपल्या अंगणात उभी राहून राजव्वा ओरडत होती. आवाज असा की पलीकडच्या गल्लीतले हातमाग आपोआप थांबले. तिच्या पुढ्यात एक मोठं घंगाळ होतं. घंगाळात तिच्या नवऱ्यानं, म्हणजे नरसय्यानं, एकवीस दिवस मागावर बसून विणलेला पांढराशुभ्र रेशमी अंतरपाट होता. आणि शेजारी आमचे मास्तर वाफाळत्या नारिंगी पाण्याची बादली तिरकी करून उभे होते.

“ओता!” वैरागचे मामा त्याहून मोठ्यानं ओरडले. “ओता म्हणतो ना! खरं असेल तर भ्यायचं कशाला?”

मास्तरांनी एकदा राजव्वाकडं पाहिलं, एकदा मामांकडं पाहिलं आणि बादली परत चुलीवर ठेवली.

“थांबा,” म्हणाले. “आधी एक बिडी ओढतो. पाणी अजून पुरतं तापलं नाही.”

मास्तरांची बिडी होती लांब. ती संपेपर्यंत मास्तर म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगून घेतो.

गिरणीच्या रंगखात्यात मास्तर, आणि मी घडीखात्यात कारकून. आम्ही दोघं चाँदभाई टांगेवाल्याच्या घरी शेजारशेजारच्या खोल्यांत भाड्यानं राहत होतो. मास्तर अंधारातही ओळखू येत. दोन्ही हात कोपरापर्यंत नारिंगी. मिशा नारिंगी. डोक्याचे केस सगळ्यांचे काळ्याचे पांढरे होतात, मास्तरांचे काळ्याचे नारिंगी झाले. लग्न केलेलं नव्हतं. हळद न लागता जन्मभर पिवळा राहिलेला माणूस सोलापुरात एकच, असं मी म्हणायचो, आणि मास्तर म्हणायचे, “पिवळा नाही, नारिंगी. रंगातलं कळत नसेल तर घड्या घालाव्यात.”

लग्न नव्हतं, पण जावई होता. जावई राहायचा एका लाकडी पिंपात.

त्याचं असं झालं, की महायुद्धात जर्मनीचे रंग यायचे बंद झाले, तेव्हा गिरणीच्या गोऱ्या साहेबाला वाटलं, फौजेची कांबळी आपणच रंगवू आणि रंगही आपणच करू. त्यासाठी त्यानं सल्फानिलिक ॲसिडचं एक पिंप मागवलं. पिंप बोटीतून, आगगाडीतून, बैलगाडीतून सोलापुरात पोचेपर्यंत युद्ध संपलं, कांबळ्यांचं काम बुडालं, साहेब विलायतेला गेला. मागं राहिलं पिंप. सुती कापडाच्या गिरणीत त्याचा उपयोग शून्य, कारण त्यापासून होणारा रंग सुताला बसतच नाही. स्टोअरकीपर ते ओढ्यात ओतणार होता. मास्तरांनी आडवे पडून ते वाचवलं आणि घरी आणलं. त्याला आता दहा-बारा वर्षं झाली होती. पिंप माणसाच्या छातीएवढं. मास्तर त्यातून रविवारी एकदा एक वाटी काढत, आणि शपथ घेऊन सांगतो, पिंप दर वर्षी थोडं जास्तच भरलेलं दिसे.

“मास्तर, ये तेजाब मेरे घर में नक्को!” पहिल्याच दिवशी चाँदभाई दारात आडवा झाला. “छप्पर जल गया तो बच्चे कां जाएंगे?”

“हात पुढं करा, चाँदभाई.”

घोड्याला हात असता तर चाँदभाईनं तोच पुढं केला असता, इतक्या नाखुशीनं त्यानं आपला पुढं केला. मास्तरांनी त्यावर चिमूटभर पूड ठेवली. राखाडी-पांढरी, वास नाही, धग नाही. पिठात थोडी राख पडावी तशी.

“ये तो मैदा है की!”

“मैदा नव्हे, भजी करू नका त्याची. ॲसिड आहे, पण नावापुरतं. दारावरची पाटी फौजदाराची आणि घरात राहणार कीर्तनकार. आता बघा.” असं म्हणून मास्तरांनी ती पूड गार पाण्यात टाकली. पूड तळाशी जाऊन बसली ती बसलीच. “हा आमचा जावई. गार पाण्याला दाद देत नाही. तव्यावर टाका, वितळणार नाही, जळून काळा होईल. मोडेन पण वाकणार नाही, ही जात. का? तर एका अंगानं आंबट आणि दुसऱ्या अंगानं खारा. स्वतःचे दोन हात स्वतःच्याच गळ्यात घालून बसलाय, पाण्याला हात देणार कसा? आता मान द्या त्याला.”

मान म्हणजे धुण्याचा सोडा. सोडा पडताच भांडं असं फसफसलं की चाँदभाई उडी मारून थेट टांग्यात जाऊन बसला आणि दोन दिवस घोड्यापाशीच जेवला. फेस बसल्यावर पाणी नितळ. पूड गायब.

“विरघळला,” मास्तर म्हणाले. “मान दिला की विरघळतो. पण खरे चोचले पुढंच आहेत.”

पुढचा चोचला म्हणजे बर्फ. सोलापूरचा मे महिना ज्यानं पाहिला नाही त्याला काय सांगू! कोंबड्या उकडलेलीच अंडी घालतात. त्या उन्हात मास्तर बर्फाच्या कारखान्यातून चाँदभाईच्या टांग्यानं लादी आणायचे. लादीवर भुसा, भुशावर पोतं, पोत्यावर उघडलेली छत्री, आणि मास्तर शेजारी उघड्या डोक्यानं उन्हात. छत्रीखाली कोण एवढं बडं माणूस निघालंय म्हणून लोक विचारत, “काय मास्तर, कुणाला घेऊन चालला?”

“जावयाला बसायला पाट.”

त्या बर्फावर भांडं ठेवायचं, त्यात आंबटाण घालायचं आणि नायट्राइटचं पाणी थेंबथेंब सोडायचं. जरा ऊब लागली की जावई रुसतो, बुडबुडे सोडतो आणि बुडबुड्यांच्या वाटेनं निघून जातो. मग सगळी मेहनत पाण्यात, अक्षरशः. तो रुसायच्या आत नॅप्थॉलशी त्याची गाठ घालून द्यायची. गिरणीत लाल रंगासाठी नॅप्थॉल, नायट्राइट सगळं असायचंच, मास्तर त्यातलं पदरचे पैसे देऊन आणत. गाठ पडली रे पडली, की भांडंभर नारिंगी! असा नारिंगी, की खोलीतल्या भिंती लाजायच्या.

आणि ते थेंब टाकताना मास्तरांचा हात म्हणजे दगडी खांब. दुपारचा भोंगा व्हायचा, सगळी पेठ दचकायची, माझ्या हातातला चहा धोतरावर सांडायचा. मास्तरांच्या नळीच्या टोकाला लोंबणारा थेंब लोंबतच राहायचा. भोंगा थांबला की मग मास्तर त्याला खाली उतरायची परवानगी देत. एकदा त्यांच्या मनगटावर गांधीलमाशी चावली. मास्तर म्हणाले, “एकतीस.” तो एकतिसावा थेंब होता. बोंबलले ते चाळिसाव्या थेंबानंतर, भांडं बाजूला ठेवून, सावकाश.

आता तुम्ही विचाराल, रंग करून करायचं काय? सूत त्याला धरत नाही आणि सोलापुरात माणसं जन्मतात ती सुतात आणि जातात ती सुतात. तर मास्तरांना पहिलं गिऱ्हाईक भेटलं म्हाळू धनगर, सांगोल्याकडचा. बाजारात त्याची मेंढरं दुसऱ्यांच्या कळपात मिसळायची. गेरूची खूण करायचा, ती चार दिवसांत पुसायची, मग भांडणं. मास्तरांनी कोमट रंगात चिंचेचं पाणी कालवलं आणि साठ मेंढरांच्या पाठीवर एकेक टिळा ओढला. मेंढरांनी अंग झाडलं. म्हाळूचं धोतर, सदरा, पटका सगळं नारिंगी झालं.

“आता घरला कसा जाऊ? बायकू वळखंल का?” म्हाळू रडकुंडीला आला.

“विहिरीवर जा, धू.”

म्हाळू धुऊन आला. धोतर, सदरा, पटका सगळं पांढरं. पण तळहात नारिंगी, दाढी नारिंगी, आणि मेंढरांचे टिळे तर घासून घासून आणखीच उजळलेले.

“ही कसली करणी म्हणायची?”

“करणी नाही, म्हाळबा. जे जिवातून निघालं ते हा धरतो, जे झाडातून निघालं ते सोडतो. लोकर मेंढीची, केस तुझे, कातडी तुझी, म्हणून धरलं. सूत कापसाच्या बोंडाचं, म्हणून सोडलं. जिवाचं धरतो, झाडाचं सोडतो. पाठ कर.”

म्हाळूनं ते अभंगासारखं पाठ केलं. पुढच्या बाजारी येऊन सांगितलं, “मास्तर, मेंढरं लई माजल्यात की. टिळा लागल्यापासनं नवरीवाणी चालत्यात. बिनटिळ्याच्या मेंढ्याकडं बघंनात.”

झाली बिडी. चला अंगणात.

वैरागच्या एका धान्याच्या अडत्याच्या मुलीचं लग्न निघालं होतं. अंतरपाट रेशमाचा हवा, तोही पांढरा, तोही सोलापूरच्या हातमागाचा, ही नवरीच्या मामांची हौस. मामा म्हणजे पारखी! नारळ घेताना दुकानातले चाळीस नारळ कानाशी वाजवून एकेचाळिसावा घेणारे. खांद्यावर कायम एक पांढरं चमचमतं उपरणं. “काशीत उभं राहून घेतलंय. डोळे बांधा माझे, बोटानं सांगतो रेशीम कोणतं आणि सूत कोणतं!” हे वाक्य मामा रामरामाच्या आधी म्हणायचे.

तर मामांनी अंतरपाट हातात घेतला, मुठीत चुरगळला, कानाशी नेला आणि म्हणाले, “बोलत नाही.”

“काय बोलत न्हाई?” नरसय्यानं विचारलं.

“रेशीम बोलतं. मुठीत धरलं की कुरकुरतं. हे गप्प आहे. हे रेशीम नव्हे, हे जपानी नकली. झाडाच्या लगद्याचा धागा.”

“अय्यो देवुडा! पट्टू हाय हो, अस्सल पट्टू!” तेलुगूत रेशमाला पट्टू म्हणतात, आणि नरसय्या घाबरला की त्याचं मराठी पातळ व्हायचं. त्यानं काठाचा धागा ओढून जाळून दाखवला. केस जळाल्याचा वास अंगणभर पसरला.

“काठाला घातलं असशील,” मामा म्हणाले. “पोटात काय आहे?”

आता इथं पेठेतले एक रेशमाचे व्यापारी ओट्यावर बसलेले होते. नरसय्याला विणायला रेशीम द्यायचं ते त्यांच्याच पेढीवरून. गोरेगोमटे, शांत, बोलणं मोजकं. ते म्हणाले, “नरसय्या, मी दिलं ते अस्सल होतं. ते विकून मधे नकली घातलं असशील, तर आजपासून तुला रेशीम बंद. माझंही आणि पेठेतल्या कुणाचंही.”

संपलं. रेशीम बंद म्हणजे माग बंद. राजव्वा मटकन खाली बसली. तेव्हा गर्दीतून मी, मूर्खासारखा, बोललो, “आमच्या मास्तरांना बोलवा.” म्हाळू त्या दिवशी बाजाराला आलेला, तो पळत जाऊन घेऊन आला.

मास्तर रंगाची बाटली आणि चिंचेचा गोळा घेऊन आले. सगळं ऐकलं. अंतरपाटावर बोट फिरवलं, मामांच्या उपरण्याकडं पाहिलं. आणि मला चांगलं आठवतं, गालातल्या गालात हसले.

“एक कोपरा बुडवून बघू,” म्हणाले.

“कोपरा नाही, सगळा!” मामा गरजले. “भेसळ पोटात असते.”

“सगळा बुडवला तर कळेल. जेवढं नकली असेल तेवढे पट्टे पांढरे निघतील. पण नरसय्या, नीट ऐक. नकली असेल तर धुऊन पांढरा होईल, काही बिघडलं नाही. अस्सल असेल तर नारिंगी झाला तो जन्माचा. मग तो पांढरा मी काय, ब्रह्मदेव आला तरी व्हायचा नाही.”

म्हणजे बघा! खोट्याला काही भीती नाही. खऱ्यानंच आपला माल नासवून घ्यायचा. अख्खं अंगण त्यावर हो-हो करत होतं, आणि त्यातल्या निम्म्यांना काही कळलेलं नव्हतं. मामांना तर मुळीच नाही. मामांचे कान नारळ ऐकायला होते, माणसाचं ऐकायला नव्हते.

बिडी विझली. मास्तरांनी बादली उचलली.

“एकवीस दिवस!” राजव्वा पुन्हा ओरडली. “मागाजवळ चूल पेटवली न्हाई मी, धूर लागंल म्हणून! अंगणात भाकरी थापल्या! ओतू नका!”

नरसय्या तिच्याकडं न बघता म्हणाला, “ओता, मास्तर.”

“विचार कर.”

“पांढरा ऱ्हायला तर खोटा ठरतोय. ओता.”

मास्तरांनी ओतलं. आणि ओतता ओतता काय झालं कोण जाणे, बादली जराशी हिसकली आणि पसाभर गरम नारिंगी पाणी उडून बरोबर मामांच्या खांद्यावरच्या उपरण्यावर पडलं.

“अरे! अरे मेलो! माझं काशीचं उपरणं!” मामा नाचायला लागले. भाजलं खांद्याला, बोंब उपरण्याची.

“माफी असावी,” मास्तर म्हणाले. “इथंच धुऊन घेऊ.”

पाव तास काठीनं ढवळून अंतरपाट निघाला. राजव्वानं एका बादलीत तो खळबळला, दुसऱ्या बादलीत उपरणं. अंतरपाटाचं पाणी चार वेळा बदललं. नंतर दोरीवर टाकला तर काठापासून पोटापर्यंत, पोटापासून काठापर्यंत एकसारखा नारिंगी. पांढरा पट्टा सोडा, पांढरा ठिपका नाही.

“डाग गेला नाही!” मामा टाळी वाजवून ओरडले. “बघा, बघा मंडळी! उघडं पडलं पितळ! आणि हे बघा!” त्यांनी राजव्वाच्या हातातून आपलं उपरणं ओढलं आणि झेंड्यासारखं दोन्ही हातांनी वर धरलं. पांढरंफेक. बगळा त्याच्या शेजारी मळका दिसला असता. “याला म्हणतात अस्सल काशीचं रेशीम! गंगेचं पाणी आहे त्याला! डाग धरत नाही! दिसलं का सगळ्यांना?”

सगळ्यांना दिसलं. मामा गोल फिरून चारी दिशांना दाखवत होते. एकदोघांनी वाहवाही केली. ओट्यावरचे व्यापारी डोळे मिटून, ओठ दाबून बसले होते. त्यांचं पोट तेवढं हलत होतं. मास्तर दुसरी बिडी शोधत होते. मग गर्दीच्या मागून म्हाळू धनगर, शाळेत कविता म्हणावी तसं, ताठ उभा राहून म्हणाला,

“जिवाचं धरतंय, झाडाचं सोडतंय. मामा, तुमचं झाडाचं हाय.”

“काय?”

“आवो, माझं धोतर बी असंच निघालं हुतं. सवा रुपयाचं.”

मामांचे हात हळूहळू खाली आले. इतके हळू, की मला वाटलं संध्याकाळ होते. त्यांनी उपरण्याकडं पाहिलं, अंतरपाटाकडं पाहिलं, आणि अखेरचा वार म्हणून बोलले, “पण... पण ते बोलत नाही त्याचं काय?”

“विणून झाल्यावर साबणात धुतलं असणार, म्हणून मुकं,” मास्तर म्हणाले. “आता चिंच प्यायलंय. ऐका.”

त्यांनी अंतरपाटाचा उन्हात सुकलेला कोपरा मामांच्या कानाशी नेला आणि मुठीत चुरगळला. कर्र, कर्र, कर्र! नव्या करकरीत वहाणांसारखं रेशीम बोललं. ओट्यापर्यंत ऐकू गेलं. मी तर म्हणतो, वैरागपर्यंत गेलं असणार.

व्यापारी उठले. जोडे घालता घालता एवढंच म्हणाले, “नरसय्या, सकाळी पेढीवर ये. पुढचं रेशीम ने.” आणि राजव्वा, जी इतका वेळ ओरडत होती, ती आता दोरीखाली उभी राहून तो नारिंगी कोपरा मुठीत धरायची, सोडायची, धरायची, सोडायची. ऐकत होती.

अंतरपाट मामांना न्यावाच लागला. नेला नसता तर कारण सांगावं लागलं असतं. नवरानवरीच्या मधे तो नारिंगी पडदा धरला आणि भटजी म्हणाले की केशरी तर फारच शुभ. पुढं म्हणे वैरागात प्रत्येक लग्नाला केशरीच अंतरपाट मागू लागले. ‘म्हणे’ म्हणतो, कारण हे मला मामांनीच सांगितलं, आणि ‘माझी कल्पना’ असंही सांगितलं. उपरण्याबद्दल मात्र त्यांनी नंतर कधी शब्द काढला नाही. खांदा रिकामाच असायचा.

त्या दिवशी चाँदभाईच्या टांग्यातून आम्ही घरी निघालो. साखर पेठेतला रस्ता म्हणजे दगडांची उतरंड. टांगा असा उडत होता की माझे दात एकमेकांवर वाजत होते आणि चाँदभाई घोड्याला सोडून रस्त्यालाच शिव्या देत होता. समोर मास्तर बसलेले. उरलेला रंग फुकट जायला नको म्हणून ते तो भांड्यातून बाटलीत ओतत होते. बाटलीचं तोंड करंगळीएवढं. भांड्यातून निघालेली नारिंगी धार सुईत ओवलेल्या दोऱ्यासारखी सरळ बाटलीत जात होती. टांग्याचं चाक खड्ड्यात आदळलं, माझी टोपी उडून रस्त्यात पडली. धार हलली नाही. एक थेंब बाहेर पडला नाही.

मी ती धार संपेपर्यंत बघत राहिलो. मग विचारलं, “मास्तर, मामांच्या अंगावर पाणी उडालं कसं?”

मास्तरांनी बाटलीला बूच लावलं.

“वय झालं,” म्हणाले. “हात हलतो.”